दोन एक्क्यांचे मोल

'हुकमाचा एक्का' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे, की त्याच्यामागे पत्त्यांचा एक विशिष्ट प्रकारचा खेळ उभा आहे याची आठवणही आपल्याला राहिलेली नाही. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, सात-आठ किंवा जरा शिष्ट घरांतले ब्रिज, या डावांत बहुधा कोणता तरी एक रंग हुकूम ठरतो आणि त्या रंगाचा एक्का ज्याच्याकडे आला त्याचा एक हात पक्का होतो. भिडू कसाही खेळो, उतारी कोणाचीही असो, समोरचा कितीही मुरलेला असो, त्या पानाला मरण नाही. एखाद्या पुढाऱ्याला, फलंदाजाला किंवा वकिलाला आपण हुकमाचा एक्का म्हणतो तेव्हा या हमीचाच उल्लेख करीत असतो. पानाचे मोल पानातच आहे. ते कोणाच्या हातात, कोणत्या वेळी आणि कोणासमोर आहे यावर ते अवलंबून नाही, अशी ही श्रद्धा आहे.

पोकर या खेळात हुकूम नसतो. त्यामुळे एक्का हे सर्वांत मोठे पान असूनही त्याला ही हमी मिळत नाही. तरीही या खेळाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात 'भारी पान' म्हणजे नेमके काय, याचे उत्तर अनेकदा ठामपणे दिले गेले आणि प्रत्येक वेळी ते बदलावे लागले. प्रस्तुत लेखाचा विषय तो बदल हाच आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका विद्यार्थ्यामुळे. काही वर्षांपूर्वी, मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळण्याची साथ महाविद्यालयांतून पसरली होती, तेव्हाची गोष्ट. वर्गातला एक बरा वाचणारा, बोलणारा मुलगा परीक्षेचे शुल्क भरू शकला नाही म्हणून आमच्याकडे आला. शुल्काचे आणि खाणावळीचे पैसे एकाच डावात गेले होते. पैसे गेल्याचे दुःख त्याला होतेच, पण त्याहून मोठी होती ती अन्यायाची भावना. "सर, माझ्या हातात दोन एक्के होते. दोन एक्के असताना माणूस हरतोच कसा? त्यांनी पाने लावूनच ठेवलेली असणार," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शुल्काची व्यवस्था झाली. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला त्या दिवशी देता आले नाही.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. आज सर्वत्र खेळला जातो तो पोकरचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार. यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग पटावर आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात आणि ती सर्वांची सामायिक असतात. हातातली दोन आणि पटावरची पाच यांतून ज्याची उत्तम पाच पाने जुळतील तो जिंकला. बोली मात्र चार वेळा लागते: दोन पाने पाहिल्याबरोबर एकदा आणि मग प्रत्येक उघडणीनंतर. दुसऱ्याच्या बोलीची बरोबरी करायची नसेल तर पाने टाकून डावातून बाहेर पडता येते. इतर सर्वांनी पाने टाकली तर उरलेला एकटा आपली पाने न दाखवताच मधली रक्कम उचलतो. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. इस्पिक-बदाम हा भेद बाजूला ठेवून, दोन्ही पाने एका रंगाची की वेगळ्या एवढेच पाहिले तर १६९ प्रकार उरतात. दोन एक्के त्यांत सर्वांत वरचे, आणि ते सरासरीने २२१ डावांत एकदा येतात.

आता मागे जाऊ. पोकरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात झाला. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत १८२९ सालच्या आगबोटीवरील प्रवासाचे वर्णन आहे आणि त्यात हा खेळ येतो. तेव्हाचे पोकर वीसच पानांचे होते: एक्के, राजे, राण्या, गुलाम आणि दश्श्या. चार जणांना पाच-पाच पाने वाटली की गड्डी संपली. पाने बदलणे नाही, पटावर काही उघडणे नाही. जे हातात आले तेच अखेरचे.

या खेळात अजिंक्य पाने खरोखरच अस्तित्वात होती. चार एक्के कोणी हरवू शकत नसे. चार राजे आणि सोबत एक एक्का, हेही तितकेच अभेद्य. कारण एक एक्का आपल्याजवळ असेल तर दुसऱ्याकडे चार असणार कसे? त्यासाठी गणित शिकावे लागत नव्हते. मग अशा खेळात शहाणपणाचा प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे वाटणाऱ्याच्या हाताचा. जुगार सोडून जुगाराविरुद्ध लिहू लागलेल्या जोनाथन ग्रीनने १८४३ च्या आपल्या पुस्तकात या खेळाचा उल्लेख फसवणुकीचा खेळ म्हणून केला, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दोन भारी हात समोरासमोर आले, की कोणीतरी पाने लावली आहेत असेच लोक गृहीत धरीत, आणि अनेकदा ते खरेही असे. आमच्या विद्यार्थ्याचा तर्क या आगबोटींच्या काळातला होता. चुकीच्या शतकात आला, एवढेच.

पुढच्या काही दशकांत गड्डी ५२ पानांची झाली, एका रंगाच्या पाच पानांना मान मिळाला, क्रमवार पाने कोणाला हरवतात यावर काही काळ भांडणे होऊन तेही स्थिरावले, आणि मुख्य म्हणजे पाने बदलून घेण्याची सोय आली. आमच्या मते या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच. पहिली पाच पाने आता अखेरची पाच पाने राहिली नाहीत. हातात काय आहे आणि त्याचे काय होईल, यांत अंतर पडले. 'सुरुवातीची पाने' ही कल्पनाच त्या अंतरातून जन्मली. त्याआधी सुरुवात आणि शेवट एकच होते.

१८७० च्या दशकात रूढ झालेल्या एका नियमाने तर या पानांची किंमत कायद्यासारखी ठरवूनच टाकली. निदान गुलामांची जोडी हातात असल्याशिवाय बोली सुरू करता येणार नाही, असा तो नियम. इतकी पाने साधारण पाच वाटपांत एकदा येतात. एक जोडी ठेवून तीन पाने बदलली तर हात सुधारण्याची शक्यता २८.७ टक्के, म्हणजे साडेतीनात एक. असे हिशेब छापणारी पुस्तके या काळात निघू लागली. जॉन ब्लॅकब्रिज यांचे १८८० चे पुस्तक त्यांतलेच. हे गृहस्थ विम्याचे गणित करणारे होते, आणि माणसाच्या आयुष्याची सरासरी काढणाऱ्याने राण्यांच्या जोडीची सरासरी काढावी हे त्या युगाला साजेसेच होते. ही परंपरा हर्बर्ट यार्डली यांच्या १९५७ मधील पुस्तकापर्यंत येते. यार्डली हे अमेरिकेचे सांकेतिक लिपी उलगडणारे अधिकारी होते. त्यांच्या शिकवणीचे सार धीर हे आहे: पाने कमी पडत असतील तर टाका, पुन्हा टाका, आणि भारी पाने येईपर्यंत टाकत राहा. या सर्व लेखकांच्या लेखी मोल मोजण्यासारखे होते, आणि मोजणी मुख्यतः पानांची होती. राजांच्या जोडीपेक्षा एक्क्यांची जोडी मोठी, आणि ती कुठेही, केव्हाही मोठीच.

टेक्सासमध्ये ही मोजणी बिघडली. होल्डेमचा उगम विसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्यातील रॉब्सटाउन या गावी झाला असे मानतात. तेथील विधिमंडळाने २००७ मध्ये तसा ठरावही केला. लास व्हेगासला तो १९६० च्या दशकात पोचला. १९७० साली बेनी बिनियन यांनी आपल्या कॅसिनोत विश्वस्पर्धा भरवली; पहिल्या वर्षीचा विजेता, जॉनी मॉस, खेळाडूंच्या मतांनी निवडला गेला. दुसऱ्या वर्षापासून अमर्याद बोलीचे होल्डेम हा मुख्य सामना झाला.

या प्रकारात सातांपैकी पाच पाने सर्वांची असल्याने हातातल्या दोन पानांचा अर्थ पट ठरवतो, आणि पट अजून उघडलेलाच नसतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी १९७६ च्या आपल्या छोट्या पुस्तकात प्रथमच या दोन पानांचे प्रतवार गट पाडले. पुढे १९८८ मध्ये मेसन माल्मुथ यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात ते आठ गट स्थिरावले. पहिल्या गटात एक्के, राजे, राण्या आणि गुलाम यांच्या जोड्या आणि एका रंगाचे एक्का-राजा. इथवर कोणालाही नवल वाटणार नाही. पण तिसऱ्या गटात एका रंगाचे गुलाम-दश्शी दिसतात, आणि वेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम त्यांच्या खाली, चौथ्यात. नवख्याला हे उलटे वाटते. एक्का असलेला हात दश्शी असलेल्या हाताच्या खाली कसा? स्क्लान्स्की यांचे उत्तर पानांच्या आकड्यात नाही, पानांच्या नशिबात आहे. एक्का-गुलाम घेऊन बसलेल्याच्या वाट्याला पटावर एक्का आला, की तो आनंदाने पैसे लावतो. आणि ज्याच्याकडे एक्का-राजा आहे त्याच्यासमोर तेवढ्याच आनंदाने हरतो. गुलाम-दश्शीवाला हरतो तेव्हा बहुधा लवकर आणि थोडक्यात हरतो. क्रम किंवा रंग जुळला तर पुष्कळ जिंकतो. किती वेळा जिंकलो आणि किती जिंकलो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे भान या पुस्तकांनी दिले.

दोन एक्क्यांनाच हे लावून पाहू. समोर एकच खेळाडू, त्याची पाने कोणतीही, आणि शेवटपर्यंत दोघेही थांबले, तर दोन एक्के शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकतात. समोर तिघे असतील तर ६४. पाच असतील तर ४९. म्हणजे जगातील सर्वांत भारी पाने घेऊनही माणूस निम्म्याहून किंचित अधिक वेळा हरेल. नऊ असतील तर ३१. मग एक्क्यांचे मोल घसरले का? रुपयांत मोजा. प्रत्येकाने एक-एक रुपया लावला, तर एकासमोर दोन रुपयांतले सरासरी एक रुपया सत्तर पैसे आपल्याकडे येतात. नऊ जणांसमोर दहा रुपयांतले तीन रुपये दहा पैसे. जिंकण्याची शक्यता निम्म्याहून खाली आली आणि कमाई जवळजवळ दुप्पट झाली. पान तेच आहे. आपण 'मोल' म्हणताना कोणती गोष्ट मोजत होतो, हा प्रश्न इथे प्रथमच टोचू लागतो. (प्रत्यक्षात बोली रुपयावर थांबत नाही, आणि पटाकडे पाहून जे थांबतात त्यांच्याकडे वाटेल ती पाने नसतात, म्हणून गर्दीत एक्के घेऊन बसणे कागदावर दिसते तितके सुखाचे नाही.)

याहूनही विलक्षण गोष्ट प्रतवारीच्या मुळाशी आहे. दुर्र्यांची जोडी, वेगळ्या रंगांचे एक्का-राजा आणि एका रंगाचे गुलाम-दश्शी, असे तीन हात घ्या आणि दोन-दोन समोरासमोर लढवा. दुर्र्या एक्का-राजाला शंभरात बावन्न-त्रेपन्न वेळा हरवतात, कारण त्यांची जोडी आधीच जुळलेली आहे. एक्का-राजा गुलाम-दश्शीला सुमारे ५९ वेळा हरवतात, कारण त्यांची पाने मोठी. आणि गुलाम-दश्शी दुर्र्यांना ५३ च्या पुढेमागे हरवतात, कारण त्यांना जोडीखेरीज क्रमाच्या आणि रंगाच्या पुष्कळ वाटा मोकळ्या आहेत. अ हा ब ला भारी, ब हा क ला भारी, आणि क पुन्हा अ ला भारी! या तिघांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला उत्तर नाही, असे नव्हे. प्रश्नच अपुरा आहे. 'कोणासमोर' हे सांगितल्याखेरीज तो विचारताच येत नाही. ज्ञानेश्वर थोर की तुकाराम, केशवसुत मोठे की बालकवी, अशा चर्चांत आम्ही तारुण्याची कितीएक वर्षे घालवली. श्रेष्ठतेची शिडी एकच असते आणि प्रत्येकाची तिच्यावर एक पायरी असते, हे त्या चर्चांचे गृहीतक होते. ५२ पानांच्या गड्डीतसुद्धा ते खरे ठरू नये, याची गंमत वाटते. असो.

गणित असे पुस्तकांत उतरत होते, तेव्हा दंतकथा मात्र दुसऱ्याच पानांच्या तयार होत होत्या. डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे विश्वस्पर्धा जिंकली आणि दोन्ही वर्षी अखेरच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. ही पाने कोणत्याही तक्त्यात तळाशी सापडतील. दोन्ही वेळा पहिली तीन पाने उघडली तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या दोन जोड्या जुळल्या होत्या. पुढच्या दोन पानांनी ब्रन्सनना तारले. दश्शी-दुर्रीला तेव्हापासून त्यांचेच नाव पडले. २००३ साली ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने, इंटरनेटवर शंभराहून कमी डॉलर भरून मिळवलेल्या प्रवेशावर, ८३९ खेळाडूंतून २५ लाख डॉलर जिंकले, तेव्हा शेवटच्या डावात त्याच्याकडे पंजी-चौकी होती आणि समोरच्या सॅमी फाऱ्हाकडे गुलाम-दश्शी. त्या विजयानंतर जगभर लाखो माणसे या खेळाकडे वळली. त्यांपैकी कितीजणांनी पंजी-चौकीच्या भरवशावर आपले पैसे घालवले, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

इतिहासाच्या साधनांविषयी इथे एक शब्द लिहिणे भाग आहे. पोकरमध्ये टाकलेली पाने पाहता येत नाहीत. इतर सर्वांनी माघार घेतली तर विजेत्याची पानेही कोणी पाहत नाही. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांची जी काही सांगोवांगी होती, ती केवळ शेवटी उघड्या पडलेल्या पानांची होती, आणि उघडी पडतात ती पाने नेहमीची नसतात. ताम्रपटावरून गावाचा इतिहास लिहावा तसा हा प्रकार: ज्यांना दान मिळाले त्यांचीच नावे उरतात. हा पडदा हेन्री ओरेनस्टाइन यांनी बाजूला केला. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात नाव कमावलेले हे गृहस्थ. खेळाडूची झाकलेली पाने प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या टेबलाचे एकस्व त्यांनी १९९५ मध्ये घेतले. १९९९ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आणि २००३ पासून अमेरिकेत झाकलेली पाने घरोघर दिसू लागली. मनीमेकरने त्याच अंतिम फेरीत काहीही न जुळलेल्या राजा-सत्तीवर सारे पैसे लावून फाऱ्हाला नव्व्यांची जोडी टाकायला लावली, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या कॅमेऱ्यामुळे. एरवी तो एक न दाखवलेला हात म्हणून विरून गेला असता आणि फाऱ्हा सोडून कोणाला त्याची रुखरुखही लागली नसती. इंटरनेटवरील खेळाने तर प्रत्येक डाव आपोआप नोंदवला. ज्याला आपल्या पानांचा खरा जमाखर्च पाहायचा असेल त्याला तो प्रथमच पाहता येऊ लागला. पाहिला किती जणांनी, हा भाग वेगळा.

कॅमेऱ्यात दिसले ते गणितज्ञांना बऱ्याच आधी कळले होते. फ्रान्सच्या एमिल बोरेल यांनी १९३८ च्या ग्रंथात पोकरचे एक सोपे प्रतिरूप मांडले होते. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथात पोकर आणि हूल देणे यांवर स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यांनी पाने काढून टाकली आणि प्रत्येक खेळाडूच्या हाताला शून्य ते एक यांमधील एक संख्या मानले. निष्कर्ष असा निघाला, की मोठी बोली उत्तम हातांवर लावावी आणि अगदी निकृष्ट हातांपैकी काहींवरही; मधल्या हातांवर लावू नये. हूल हा धूर्तपणाचा किंवा स्वभावाचा भाग नाही, ती भारी पानांची गरज आहे. जो केवळ भारी पानांवरच बोली लावतो, त्याची बोली ऐकताच बाकीचे पाने टाकतात आणि त्याच्या एक्क्यांना काहीच मिळत नाही. एक्क्यांचे मोल अशा रीतीने आपण इतर वेळी दुर्री-सत्तीचे काय करतो, यावर ठरते! यार्डलींच्या धीराला यापेक्षा नेमके उत्तर आम्हाला माहीत नाही.

हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये हेच आणखी लहान करून दाखवले. त्यांच्या पोकरमध्ये पाने तीनच: राजा, राणी, गुलाम, खेळाडू दोन, प्रत्येकाला एक पान. राजा आला की तो अजिंक्यच आहे, आगबोटीवरच्या चार एक्क्यांसारखा. पण पहिल्या खेळाडूने राजावर बोली किती वेळा लावावी, हे तो गुलामावर हूल किती वेळा देतो याच्याशी बांधलेले निघते: नेमके तिप्पट. गुलामावर कधीच हूल द्यायची नसेल, तर राजा हातात असतानाही पहिल्याने कधीच बोली लावू नये, मुकाट थांबावे आणि समोरच्याला बोलू द्यावे, हे निर्दोष खेळाचेच एक रूप आहे. हरूच शकत नाही असे पानसुद्धा कसे खेळायचे, हे ते पान एकटे सांगत नाही.

याचा शेवटचा पुरावा कॅनडातून आला. २०१५ च्या जानेवारीत अल्बर्टा विद्यापीठातील मायकेल बोलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेळाडूंचे, मर्यादित बोलीचे होल्डेम व्यवहारतः सुटले असल्याचे जाहीर केले. त्यांच्या 'सेफियस' या प्रणालीने सुमारे ४,८०० प्रोसेसरांवर दोन महिन्यांहून अधिक काळ स्वतःशीच खेळून ते साध्य केले. पुस्तके वाचून नव्हे. तिच्या खेळात संशोधकांना एक गोष्ट लक्षणीय वाटली. वाटणाऱ्याच्या जागी बसलेली असताना पहिल्या फेरीतली अखेरची परवानगी असलेली वाढ ती क्वचितच करते, हातात दोन एक्के असले तरीही. पटावरची पाने उघडण्यापूर्वीच समोरच्याला 'माझ्याकडे एक्के आहेत' असे सांगून टाकण्याची किंमत, त्या एका वाढीतून मिळणाऱ्या पैशांपेक्षा जास्त भरते. यानंतर २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस'ने अमर्याद बोलीच्या खेळात चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. तो वेगळा विषय आहे.

आपल्याकडच्या तीन पत्तीने हे अंतर्ज्ञानाने ओळखले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. इंग्रजी 'ब्रॅग' या खेळाच्या या भारतीय नातलगात आपली पाने न पाहताच खेळता येते, आणि पाहून खेळणाऱ्याला न पाहणाऱ्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. स्वतःची पाने ठाऊक असणे याला नियमानेच किंमत लावणारा दुसरा खेळ आम्हाला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६७ च्या रमीविषयीच्या निकालात रमीला कौशल्याचा खेळ मानताना, तीन पानांचा खेळ निव्वळ दैवाचा ठरवला. पोकरबाबत निरनिराळ्या उच्च न्यायालयांत पुढे एकमत झाले नाही. आणि ऑनलाइन खेळापुरता हा वादच २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बाजूला ठेवला, कारण पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की दैवाचा, हे त्याने विचारातच घेतले नाही.

आमचा विद्यार्थी त्या कायद्याच्या बऱ्याच आधीचा. परीक्षा झाल्यावर तो भेटला तेव्हा आम्ही त्याला तो डाव पुन्हा सांगायला लावला. त्याने एक्के लपवायचे म्हणून आरंभी बोली वाढवलीच नव्हती. फक्त बरोबरी केली. त्यामुळे आणखी पाच जण स्वस्तात आत आले. पटावर नव्वी, अठ्ठी, सत्ती उघडली, त्यांतली दोन पाने बदामाची. त्याचे दोन्ही एक्के काळे. एकाने बोली लावली, दुसऱ्याने ती वाढवली, आणि याने असेल नसेल ते सगळे पुढे सरकवले. "एक्के होते ना, सर." आम्ही त्याला ८५ आणि ४९ हे आकडे दाखवले, आणि हेही सांगितले, की तशा पटावर दोघांनी तशा बोली लावल्यानंतर ४९ सुद्धा उरत नाहीत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की त्याला एक्के नेहमी हरतानाच दिसले आहेत. किती वेळा आले होते, असे आम्ही विचारले. त्या महिन्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा गेले, असे तो म्हणाला.

अ‍ॅपमध्ये जुन्या डावांची नोंद होती. त्याने तिथेच बसून ती काढली. एक्के दोनदा नव्हे, अकरा वेळा आले होते. सात वेळा तो जिंकला होता, पण दर वेळी थोडके. दोनदा सर्वांनी लगेच पाने टाकली होती. आणि उरलेले दोन डाव ते, जे त्याला आठवत होते. अकरा हा आकडा पाहून त्याला आधी बरे वाटले. मग त्याने मघाशी आम्ही सांगितलेल्या २२१ ने त्याला गुणले आणि मोबाइल आमच्यापुढे धरला. २,४३१. एका महिन्यात आपण साधारण इतके डाव खेळलो, हे त्याला तोवर माहीत नव्हते.